नेटजवळची भीती पायांत असते

वाचकाचं पत्र

सर, मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षिका आहे. गावातल्या क्लबनं सकाळी साडेसहा ते आठ दोन सिमेंटची टेनिस कोर्टं आमच्या शाळेला वापरायला दिली आहेत. तेरा ते पंधरा वयाची चौदा मुलंमुली येतात. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, बरं खेळतात, पण नेटवर जा म्हटलं की निम्म्यांचे पाय खिळतात आणि उरलेली धावत सुटून नेटमध्येच शिरतात. एक मुलगा वर्षभरात एवढा उंच झाला की आधी सगळ्यांत चपळ होता, तो आता स्वतःच्याच पायात अडखळतो. एका मुलीला गालावर चेंडू लागला, तेव्हापासून ती सर्व्हिस लाइनच्या, म्हणजे नेट आणि बेसलाइनच्या मधल्या आडव्या रेषेच्या, पुढे येत नाही. रांगेत उभं करून व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारायचा फटका, घ्यायला लावली की दहा मिनिटांत सगळी कंटाळतात. पालकांचं म्हणणं, हल्ली नेटवर कोण खेळतं, बेसलाइनच पक्की करा. दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या तालुक्यातल्या मुलांशी दुहेरीचे सामने ठरलेत. यांना उतरवू की नको? अजून दहा आठवडे हातात आहेत.

उत्तर

ताई,

तुमचं पत्र वाचताना एका वाक्यावर मी थांबलो. निम्म्यांचे पाय खिळतात आणि निम्मी नेटमध्ये शिरतात, असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला हे दोन वेगळे दोष वाटतात. मला तो एकच दिसतो. या मुलांना थांबता येत नाही. धावत सुटणाऱ्याला ब्रेक लागत नाही. खिळणाऱ्यालाही आपला ब्रेक लागणार नाही हे आतून ठाऊक असतं, म्हणून तो गाडी सुरूच करत नाही. आपण मुलांना पळायला शिकवतो, मारायला शिकवतो. थांबायला वेगळं शिकवावं लागतं हे मात्र मुद्दाम कुणी सांगत नाही. तुमच्या दहा आठवड्यांतले पहिले तीन मी निव्वळ यासाठी देईन.

आधी नेटजवळ नक्की काय बदलतं ते पाहा, कारण मुलांना हे सांगितलं की त्यांचा निम्मा गोंधळ जातो. कोर्टाची लांबी 23.77 मीटर. ताशी 72 किलोमीटर वेगाचा फटका सेकंदाला 20 मीटर जातो, म्हणजे या बेसलाइनवरून त्या बेसलाइनवर पोचायला त्याला साधारण 1.2 सेकंद लागतात. हवेत आणि टप्प्यानंतर तो मंदावतो, तेव्हा प्रत्यक्षात त्याहूनही थोडा जास्त वेळ मिळतो. आता तुमचा विद्यार्थी नेटपासून अडीच मीटरवर उभा आहे. चेंडूला अंतर उरलं साडेचौदा मीटरच्या आत, आणि वेळ साधारण 0.7 सेकंद. बेसलाइनवर आधी धाव, मग पाय लाव, मग रॅकेट मागे ने, मग मार, एवढं सगळं बसतं. इथे त्यातलं बरंचसं आधीच उरकलेलं असायला हवं. पाय उरकलेले हवेत. चेंडू समोरच्याच्या रॅकेटवरून सुटला त्या क्षणी शरीर तोललेलं असेल तर हात आपोआप जातो. धावतं असेल तर हात आपला चेंडू सोडून स्वतःचा तोल सावरायला जातो. मुलं ज्याला भीती म्हणतात त्यात बरीचशी ही बिनतोल अवस्था असते.

यालाच आपण स्प्लिट स्टेप म्हणतो. समोरचा चेंडू मारायला रॅकेट पुढे आणू लागला की इवलीशी उडी, आणि चेंडू त्याच्या तारांवरून सुटताना आपले दोन्ही पाय एकदम जमिनीवर, खांद्यांपेक्षा जरा रुंद, गुडघे सैल, वजन चवड्यांवर. उडी उंच नको. चप्पल जमिनीवरून सुटेल एवढीच. शिकवताना बहुतेक जण ही उडी स्वतंत्र कवायत म्हणून घेतात, एक-दोन-तीन-उडी, आणि मग ती सामन्यात कुठेच दिसत नाही, कारण ती उडी समोरच्या माणसाला बघून मारायची असते, आकड्यांना नाही.

म्हणून पहिल्या दिवशी रॅकेटी कुंपणाला टेकवून ठेवायला सांगा. मुलांच्या जोड्या करा. एक बेसलाइनवर, दुसरा नेटच्या पलीकडे हातात चेंडू घेऊन. बेसलाइनवाला नेटकडे धावत सुटतो. पलीकडचा कधीही हात मागे नेतो आणि खालून हळू चेंडू फेकतो. हात पुढे येताना धावणाऱ्यानं जिथे असेल तिथे दोन पायांवर थांबायचं आणि चेंडू एका हातानं, शरीराच्या पुढे झेलायचा. झेल घेतल्यावर दोन मोजेपर्यंत पुतळा. पाय हलला तर गुण फेकणाऱ्याला, नाही हलला तर झेलणाऱ्याला. लहानपणी 'स्टॅच्यू' खेळलो तेच हे. फरक इतकाच की इथे 'स्टॅच्यू' तोंडानं म्हणायचं नाही, हातानं. तेरा-चौदा वर्षांची मुलं पुतळा झालेल्या सोबत्याचा पाय हलला का यावर जे भांडतात ते ऐकून घ्या. त्या भांडणात प्रत्येक जण दुसऱ्याचे पाय बघायला शिकतो, आणि हे तुम्ही कितीही शिट्ट्या मारून शिकवू शकणार नाही.

तोलासाठी आपल्याकडे लंगडी आहे, आणि ती आपण सहावीनंतर मुलांच्या हातून काढून घेतो. परत द्या. एका सर्व्हिस बॉक्समध्ये, म्हणजे नेट आणि सर्व्हिस लाइनमधल्या एका चौकटीत, चार जण मोकळे, एक लंगडी घालत धरणारा, अर्धा मिनिट, मग पाय बदलून अर्धा मिनिट. एका पायाची लंगडी बहुतेकांची दुसऱ्यापेक्षा कच्ची निघेल, आणि ती कळणं हवंच आहे. फोरहँड व्हॉलीला उजव्या हाताचा खेळाडू डाव्या पायावर पुढे येतो. तो पाय त्याचं सगळं वजन एक क्षण पेलू शकला नाही तर रॅकेटचं तोंड हलतं आणि चेंडू नेटमध्ये जातो. मुलांना वाटतं हात चुकला.

पण मला सगळ्यांत जास्त ज्या खेळाबद्दल लिहायचं आहे तो आट्यापाट्या. नेटवरच्या खेळाची याच्याइतकी चांगली शाळा मला कुठल्याही परदेशी ड्रिलमध्ये सापडली नाही. पाटीवर उभा असलेला खेळाडू काय करतो? समोरच्याकडे तोंड ठेवून, एका रेषेवर, आडवा सरकतो. तो पाठ फिरवत नाही, पायात पाय घालत नाही. समोरच्यानं हूल दिली तर पूर्ण जात नाही, अर्धा जातो आणि परत येतो. नेटवरचा दुहेरीचा खेळाडू अगदी हेच करतो.

कोर्टाच्या एका बाजूवर तीन पाट्या सहज होतात. बेसलाइन ही एक. सर्व्हिस लाइन, जी नेटपासून 6.40 मीटरवर असते, ती दुसरी. तिसरी तुम्ही खडूनं आखा, नेटपासून तीनेक मीटरवर. प्रत्येक पाटीवर एक रक्षक, त्याचा निदान एक पाय रेषेवर हवाच. चार जण बेसलाइनच्या मागून शिरतात. तुमच्याकडे एका कोर्टावर सात मुलं आहेत, हिशेब नेमका बसतो. बाजूची हद्द एकेरीच्या रेषांची धरा, म्हणजे रुंदी 8.23 मीटर. एका रक्षकाला ती अडवणं कठीण जातं, अशक्य नाही. नेटच्या अलीकडे मीटरभरावर सायकलचे जुने टायर टाका आणि त्यात चेंडू ठेवा, म्हणजे ते घरंगळणार नाहीत. शिरणाऱ्यानं तीन पाट्या ओलांडायच्या, वाकून चेंडू उचलायचा आणि तो घेऊन परत बाहेर यायचं. नेटला अंगाचा किंवा कपड्याचा कुठलाही भाग लागला तर बाद. टेनिसचा नियमही तोच आहे. चेंडू खेळात असताना रॅकेट किंवा शरीर नेटला लागलं की गुण जातो. तुमची नेटमध्ये शिरणारी पोरं इथे दोन डावांत ब्रेक लावायला शिकतील, कारण बाद होणं त्यांना तुमच्या रागावण्यापेक्षा जास्त लागतं. वाकून चेंडू उचलणं हे खालच्या व्हॉलीचं शरीर आहे. कमरेतून वाकून उचलणारा मागच्या पाटीवर सापडतो, गुडघ्यातून बसून उचलणारा निसटतो. हे सांगू नका, त्यांना कळू द्या. डाव दोन मिनिटांचा ठेवा, मग रक्षक बदला.

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा. कोर्टावर सुटा चेंडू राहता कामा नये. धावणाऱ्या पायाखाली घरंगळणारा चेंडू आला की घोटा मुरगळतो, आणि असे घोटे मी फार पाहिले आहेत. प्रत्येक डावानंतर 'चेंडू' अशी हाक आणि सगळे गोळा करायला. यात सूट नको. ओल्या सिमेंटवरही खेळू नका. पाऊस असेल त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात किंवा हॉलमध्ये लंगडी आणि झेलापुतळा घ्या. त्या दिवसांचं मुळीच नुकसान होत नाही.

आता रॅकेट हातात येऊ द्या. व्हॉलीचं तंत्र मी थोडक्यात उरकतो, ते तुम्हाला माहीत असणार. हातोडी धरतो तशी रॅकेट धरायची, म्हणजे कॉन्टिनेंटल ग्रिप, आणि दोन्ही बाजूंना तीच. रॅकेटचं डोकं मनगटाच्या वर. चेंडू शरीराच्या पुढे. आणि मागे नेणं जवळजवळ नाही. हे शेवटचं तोंडानं सांगून होत नाही. मुलाला पाठ कुंपणाला टेकवून उभं करा आणि समोरून हळू चेंडू टाका. रॅकेट मागे गेली की जाळीवर खडखडाट होतो. वीस चेंडूंनंतर आवाज बंद होतो. माझ्या तोंडी तेव्हा दोनच शब्द असायचे, 'मारू नका, अडवा'. सुरुवातीला रॅकेट दांड्याच्या वरच्या भागात, गळ्याजवळ धरू द्या. हात लहान झाला की ताबा वाढतो.

जोड्यांना एकमेकांपासून तीन-चार मीटरवर, दोघांच्या मध्ये नेट, असं उभं करून हवेतल्या हवेत व्हॉली मोजायला लावा. जोडीचा आकडा फळ्यावर लिहा. दुसऱ्या जोडीशी तुलना करू नका, कालच्या स्वतःच्या आकड्याशी करा. या वयात पोरं स्वतःला सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघत असतात. रांगेत उभं राहून एकेकानं पुढे येऊन व्हॉली मारायची, आणि बाकी तेरा जण बघतायत, हे त्यांना नको असतं. तुम्ही त्याला कंटाळा म्हणालात. मला त्यात बराचसा संकोच दिसतो. चुकणारा एकटा दिसणार नाही अशी मांडणी केलीत की तोच मुलगा पाऊण तास खेळ थांबवत नाही.

म्हणून चौथ्या आठवड्यापासून रोजची शेवटची पंचवीस मिनिटं 'सिंहासन' खेळा. एका कोर्टावर सात जण. दोन राजे एका बाजूला नेटवर, सर्व्हिस बॉक्सच्या मध्याजवळ. समोर बेसलाइनवर आव्हान देणारी जोडी. एक जोडी कुंपणापाशी थांबलेली. सातवा बाहेरच्या रेषेपलीकडे, नेटच्या खांबाजवळ बास्केट घेऊन, तो आव्हान देणाऱ्यांना चेंडू देतो. त्यांचा पहिला फटका डोक्यावरून नको, राजांच्या आवाक्यात हवा. त्यापुढे खेळ मोकळा. राजांनी गुण घेतला की कुंपणाजवळची जोडी आव्हानाला येते. आव्हानवाल्यांनी लागोपाठ दोन गुण घेतले की सिंहासन त्यांचं. मग खरी गंमत. त्यांनी एका खांबाला वळसा घालून पलीकडे नेटवर पळायचं, जुने राजे दुसऱ्या खांबाकडून बाहेर, कुंपणाजवळची जोडी बेसलाइनवर, आणि चेंडू देणारा मोठ्यानं पाच मोजून पुढचा चेंडू सोडतो. नवे राजे तोवर पोचलेत की नाही हे तो बघत नाही. जिथे असतील तिथे त्यांनी थांबायचं, तोल घ्यायचा, खेळायचं. पुतळा, लंगडी, पाट्या, सगळं या पाच मोजण्यात गोळा होतं. चेंडू देणारा दर पाच मिनिटांनी बदला, नाहीतर तो खेळापासून तुटतो. जवळून अंगावर जोरात मारायला सक्त मनाई. असा फटका मारला की सिंहासन गेलं, तक्रार ऐकायची नाही.

मुलांना इथे आणखी एक गोष्ट दाखवता येईल. डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच उचललेला चेंडू, आला की ती तशीच मागे मागे पळतात आणि पाठीवर पडतात. मागे पळायचंच नाही. आधी अंग बाजूला वळवायचं, रॅकेट नसलेला हात चेंडूकडे, आणि बाजूच्या पावलांनी मागे जायचं. हे सिंहासनाच्या पहिल्या आठवड्यातच सांगा, कारण मागे पडताना मुलं हात टेकवतात आणि मनगट जातं.

त्या उंच झालेल्या मुलाबद्दल. त्याला आळशी किंवा वेंधळा ठरवू देऊ नका, त्यालाही स्वतःला नाही. मुलींची झपाट्यानं वाढ साधारण अकरा-बाराव्या वर्षी होते, मुलांची तेरा-चौदाव्या. त्यात आधी पावलं आणि पाय लांब होतात, धड मागून येतं. ज्या पायांच्या लांबीवर त्याच्या मेंदूनं सगळे हिशेब बसवले होते ते पायच बदलले. शरीराचा मध्यबिंदूही वर सरकला. त्याचं कौशल्य कुठे गेलेलं नाही, त्याचं माप बदललं आहे. त्याला हे नेमक्या याच शब्दांत, बाजूला घेऊन सांगा. चौदा वर्षांच्या मुलाला हे सांगणारं कुणी भेटलं नाही तर तो खेळ सोडतो. मी असे तिघे-चौघे चांगले खेळाडू गमावले आहेत, आणि त्यातल्या दोघांशी मी तेव्हा बोललोच नव्हतो याचं दुःख मला अजून आहे.

त्याच्या लंगड्या कमी करा आणि अंतर लहान करा. त्याला बेसलाइनपासून नाही, सर्व्हिस लाइनपासून धावू द्या. एका पायावर उभं राहून झेल घेणं, वृक्षासनात उभं राहून सोबत्याशी चेंडू फेकणं, असे सावकाश प्रकार त्याला रोज पाच मिनिटं द्या. टेनिसपटू रोहन बोपण्णानं गुडघ्यांचा त्रास असतानाही अय्यंगार योगाच्या आधारानं खेळ चालू ठेवल्याचं स्वतः सांगितलं आहे, आणि 2024च्या जानेवारीत, 43व्या वर्षी, मॅथ्यू एब्डनसोबत त्यानं ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली. अय्यंगारांची संस्था आपल्या पुण्यातच आहे. त्या मुलाला ही गोष्ट सांगा, आवडेल त्याला. मात्र तो गुडघ्याच्या वाटीच्या खाली बोट ठेवून दुखतं म्हणाला, किंवा टाचेत दुखतं म्हणाला, तर उड्या त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा. वाढीच्या वयात स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतो तिथे अशी दुखणी होतात. विश्रांतीनं ती बहुतेकदा बरी होतात, पण रेटून खेळवलं तर महिनोन् महिने रेंगाळतात. लंगडणाऱ्या मुलाला कधीही 'चालव रे' म्हणू नका.

आणि ती मुलगी. तिच्याबद्दल मला जास्त लिहावंसं वाटतं. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या शिबिरातल्या एका मुलीला भुवईजवळ चेंडू लागला होता. मी दुसऱ्याच दिवशी तिला नेटवर उभं केलं, भीती मोडायची म्हणून, आणि स्वतः चेंडू टाकले. ती उभी राहिली, पण प्रत्येक चेंडूला डोळे मिटत होती. आठवड्याभरात ती यायची थांबली. घोड्यावरून पडलेल्याला लगेच परत बसवावं असं मी ऐकलं होतं. तिच्या बाबतीत ते चुकलं. तिला धैर्य कमी नव्हतं. मी तिच्या हातात काहीच ठेवलं नव्हतं. चेंडू किती जोरात येणार, किती जवळून येणार, कधी थांबणार, सगळं मी ठरवत होतो.

तुमच्या मुलीला हे ठरवू द्या. लहान मुलांच्या टेनिसला जे नारिंगी खुणेचे चेंडू वापरतात ते मिळवा. ते नेहमीच्या चेंडूपेक्षा साधारण निम्म्या वेगानं येतात आणि लागले तरी फारसं दुखत नाही. फक्त तिला एकटीला ते देऊ नका, तिला ते कमीपणाचं वाटेल. सिंहासनाचा एक पूर्ण डाव रोज सगळ्यांनीच, तुम्हीसुद्धा, त्या चेंडूंनी खेळा. मोठ्या मुलांनाही त्यानं फायदाच होतो, कारण रॅली लांबते आणि पायांना काम पडतं. चेंडू मिळाले नाहीत तर क्लबातले मऊ पडलेले जुने चेंडू वेगळे काढून ठेवा. मग तिला तिच्या विश्वासातल्या मैत्रिणीसोबत जोडीत ठेवा आणि सांगा, उभं कुठे राहायचं ते तुझं तू ठरव, फक्त तिथे खडूनं रेघ मार. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं तर रेघ पुढे सरकेल, नाहीतर तिथेच राहील. मागे सरकली तरी चालेल. आधी नुसतं रॅकेटवर चेंडू झेलून थांबवायचा, परत पाठवायचाही नाही. रॅकेट चेहऱ्याच्या पुढे आहे, चेंडू तिच्यावर आदळतो आणि खाली पडतो, हे तिच्या डोळ्यांनी पन्नास वेळा पाहिलं की डोळे मिटणं कमी होतं. आणखी एक. ज्याच्या फटक्यानं तिला लागलं त्या मुलाशीही बोला. तो बहुधा अपराधी वाटून घेत असेल आणि ते लपवायला हसत असेल.

पालकांना उत्तर द्यायला फार वेळ घालवू नका. एकेरीत लोक नेटवर कमी जातात हे खरं आहे. पण 2023 आणि 2024ची विम्बल्डन जिंकणारा कार्लोस अल्काराझ ड्रॉप शॉट, म्हणजे नेटलगत हळूच पडणारा चेंडू, टाकून नेटवर येतो ते त्यांनी पाहिलं असेलच. आणि भारताच्या टेनिसची मोठी यशं बरीचशी दुहेरीतली आहेत, ती नेटवरच मिळवलेली आहेत. आपल्या ऋतुजा भोसलेनं 2023मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पालकांना एखाद्या सकाळी साडेसातला कोर्टावर बोलवा आणि आट्यापाट्यांच्या एका पाटीवर उभं करा. पुढचा प्रश्न ते विचारणार नाहीत.

वेळेचं म्हणाल तर दीड तासात पहिली दहा मिनिटं अंग मोकळं करणं आणि लंगडी, मग वीस मिनिटं पाट्या किंवा झेलापुतळा, मग अर्धा तास त्यांची आवडती बेसलाइन, आणि शेवटी सिंहासन. बेसलाइन काढून घेऊ नका. त्यांना जे येतं ते रोज थोडं करायला मिळालं पाहिजे, नाहीतर नवं शिकताना आपण पूर्वी बरे होतो असं वाटू लागतं. पाणी दर वीस मिनिटांनी. ऑक्टोबरचं ऊन सकाळी आठलाही चांगलंच असतं.

सामन्यांना उतरवा. दहा आठवड्यांत ती नेटवरची पट्टीची खेळाडू होणार नाहीत. पण तोवर ती नेटपाशी उभी राहतील, आणि एवढं झालं तरी दुहेरी खेळता येते. जोड्या ठरवताना मैत्री बघा, क्रमवारी नको. प्रत्येक जोडीत एक वाक्य ठरवून घ्यायला सांगा, चेंडू मधून आला तर कोण घेणार. नेमके मधल्या चेंडूंवर गुण जातात, आणि तिथेच मग रुसवे होतात.

त्या मुलीला त्या उंच मुलासोबत खेळवता येईल का ते बघा. तो सर्व्हिसला, ती नेटवर, आणि तिची रेघ जिथे असेल तिथे, मग ती सर्व्हिस लाइनच्या मागे का असेना. त्याला सांगून ठेवा, तिच्या डोक्यावरून जाणारे चेंडू तुझे. त्यानं पाय अडखळून एखादा सोडला तर ती त्याला काही म्हणणार नाही, आणि तिनं एखादा चुकवला तर तो. पहिला सामना झाला की मला कळवा. निकाल नंतर लिहिलात तरी चालेल, तिची रेघ कुठे होती ते आधी लिहा.